चौदावा फर्मा

बाइंडरच्या घरात एकही पुस्तक धड नव्हतं. धड पुस्तकं गिऱ्हाइकाकडे जात, घरी राहत ती बिघडलेली. एकात पहिली सोळा पानं उलटी, एकात तीच सोळा पानं दोनदा, एकाला शेवटच नाही. एकाच्या पोटात भलत्याच पुस्तकाची पानं शिवली गेली होती, त्यामुळे खुनाचा तपास रंगात आला की मधमाश्या पाळण्याची माहिती यायचीच, अशी या घरातल्या तिन्ही मुलांची कित्येक वर्षं समजूत होती. थोरल्यानं तर परीक्षेत तसं लिहूनही टाकलं. मास्तरांनी बापाला बोलावणं धाडलं, तेव्हा बाइंडर सरसाचे हात पुसत गेला आणि म्हणाला, "मुलाचं चुकलेलं नाही, शिलाई चुकलीय."

खाली दुकान, वर घर. दुकानातला पुस्तकं आवळायचा लोखंडी दाब तोच, ज्यात पणजोबांची मिशी अडकली होती. सोडवता सोडवता अर्धी आतच राहिली, आणि तेव्हापासून या घराण्यात कुणी मिशी ठेवलेली नाही. वर एकीला लागून एक अशा दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत आता बाइंडर पडून होता. वय शहाऐंशी. आठ दिवसांपूर्वी डॉक्टरांनी त्याला घरी पाठवलं तेव्हा सांगितलं होतं, आता सुया टोचून काही होणार नाही. त्यावर "सुयांचं मला सांगता होय?" असं बाबा म्हणाले, ही हकीगत धाकटी येईल त्याला ऐकवत होती. म्हणाले असतीलही. धाकटीनं ऐकलेलं आणि धाकटीनं घडवलेलं यांतला सांधा आजवर कुणाला सापडलेला नव्हता.

धाकटी पन्नाशीची. मुलांना पोहायला शिकवायची, त्यामुळे तिचा आवाज तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असाच लागायचा. थोरल्याचं औषधांचं दुकान होतं आणि पोटही दुकानाला शोभेल असं. कुठलंही संकट आलं की तो आधी जेवायचा. आणि या दोघांच्या मधली, ती मधलीच. बापानं तिला दुसऱ्या कुठल्या नावानं कधी हाक मारली नाही. एका छापखान्यात तीस वर्षं ती प्रुफं तपासत होती. तिथल्या जुन्या रीतीप्रमाणे एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं छापलेल्यावर नजर ठेवायची. वाचणारी कायम ही. स्वल्पविराम, पूर्णविरामसुद्धा म्हणायची. नवऱ्यानं घर सोडताना एकच तक्रार केली होती: ही माझ्याशी बोलत नाही, पलीकडच्या खोलीशी बोलते.

त्यात काही खोटं नव्हतं. पण त्याचं कारण तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं.

आई गेली तेव्हा मधली आठ वर्षांची होती. तिघं भावंडं दवाखान्याच्या बोळात एका बाकावर ओळीनं बसली होती. दार उघडून बाप बाहेर आला, बाहीला शिलाईचा दोरा चिकटलेला, आणि त्यानं आईचे निरोप सांगितले. थोरल्याला म्हणाला, "आई म्हणाली, तू रडलास तरी चालेल, पण जेवून रड." तीन वर्षांच्या धाकटीबद्दल म्हणाला, "तिला काही सांगू नका म्हणाली, नुसतं जवळ घ्या." आणि मधलीसमोर उकिडवा बसून म्हणाला, "तुझ्यासाठी म्हणाली, तुझा आवाज मला पलीकडच्या खोलीतसुद्धा ऐकू येतो."

सत्तेचाळीस वर्षं झाली. गावाच्या दुसऱ्या टोकाला मधलीचं दोन खोल्यांचं घर होतं. रोज संध्याकाळी ती एका खोलीत बसून मोठ्यानं वाचायची आणि मधलं दार उघडं ठेवायची. पलीकडच्या खोलीत इस्त्रीचं टेबल होतं, बाकी काही नाही.

आता ती बापाला वाचून दाखवत होती. बापानंच पुस्तक मागून घेतलं होतं: नावाड्याच्या कुटुंबाची ती जाडजूड कादंबरी. घरच्या प्रतीतून चौदावा फर्मा, म्हणजे एकत्र शिवतात त्या सोळा पानांचा एक जुडगा, गायब होता. दोनशे आठव्या पानावर नावाड्याच्या बायकोला ताप भरायचा आणि पुढचं पान एकदम दोनशे पंचवीस, तिथं मुलं मोठी झालेली आणि नावेला इंजिन बसलेलं. लहानपणी मुलांनी विचारलं की बाप सांगायचा, "मध्ये काही नाही रे, नदीचं वर्णन आहे." सोळा पानं नदी म्हणजे जरा जास्तच झाली. पण ज्या घरात खुनाच्या मध्ये मधमाश्या चालतात, तिथं कुणी खोदून विचारत नाही.

सात दिवसांत दोनशे आठ पानं झाली. वाचनाला एक रीत पडली होती. बाप औषधासाठी तोंड उघडायचा नाही, पण पान उलटल्याचा आवाज झाला की आपसूक उघडायचा. मग धाकटी चमचा घालायची आणि परत पेल्यात ठेवायची. पान, चमचा, पान, चमचा.

आठव्या दिवशी दुपारी मधली ग्रंथालयातून दुसरी प्रत घेऊन आली. सबंध. धाकटी अंघोळीला गेली होती.

"बाबा, आज गंमत आहे. चौदावा फर्मा मिळाला."

बापानं डोळे उघडले. "नको."

"का?"

"नदीचं वर्णन आहे."

"असू दे की. सत्तेचाळीस वर्षं वाट बघायला लावलीत, आता ऐका नदी."

तो भिंतीकडे वळला. तिला वाटलं, उजेड डोळ्यांवर येतोय. तिनं पडदा ओढला आणि वाचायला लागली. चार पानं झाली तरी नदी काही येईना. दोनशे तेराव्या पानावर नावाड्याची बायको उशीवर मान वळवते आणि माणसांना निरोप सांगते. थोरल्या मुलाला म्हणते, तू रडलास तरी चालेल, पण जेवून रड.

मधलीचा आवाज आणखी अर्धी ओळ सवयीनं चालला. डोळे मात्र पुढे गेले होते. दोन ओळींखाली, छापील, शाई जराशी फुटलेली: तिला म्हणावं, तुझा आवाज मला पलीकडच्या खोलीतसुद्धा ऐकू येतो.

"बाबा."

तो भिंतीकडेच बघत होता.

"हे आईचं आहे."

"पुस्तकातलं आहे," बाप म्हणाला.

"आई असं म्हणाली नव्हती?"

"नाही."

"मग काय म्हणाली?"

एकेक शब्द त्याला कुठून तरी उचलून आणावा लागत होता. "काही नाही. दोन दिवस शुद्धच नव्हती. मी हात धरून बसलो होतो. मग नर्स म्हणाली, आता सोडा हात."

"आणि?"

"बाहेर तुम्ही. ओळीनं. रिकाम्या हातानं कसा येऊ?" त्यानं दम घेतला. "त्या आठवड्यात हेच शिवायला होतं. डोक्यात होतं. पुढे सापडू नये म्हणून घरच्या प्रतीतला फर्मा काढला."

"मी सत्तेचाळीस वर्षं..." ती म्हणाली. पुढे काय म्हणणार? सत्तेचाळीस वर्षं मी इस्त्रीच्या टेबलाला वाचून दाखवतेय?

"वाच पुढे," बाप म्हणाला.

तिनं पुस्तक मिटलं, खूण न घालता. चोरी, मारामारी, पळून जाऊन लग्न, सगळं या घरानं पचवलं होतं. खूण न घालता पुस्तक मिटणं मात्र पणजोबांपासून कुणी केलं नव्हतं.

त्या दिवशी ती परत खोलीत गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बापानं तोंड उघडलं नाही. धाकटीनं चमचा ओठांना लावून पाहिला, गोड बोलून पाहिलं, दरडावून पाहिलं. शेवटी तिनं घरची प्रत उचलली आणि स्वतःच वाचायला घेतली. मुलांना पाण्यात उतरवताना ओरडायची तशीच वाचली: एका दमात वाक्य, श्वास सोडा, आता पुढचं. स्वयंपाकघरात मधलीला बापाचा क्षीण आवाज ऐकू आला. "बास कर. बुडेन मी."

एरवी या वाक्यावर घर आठवडाभर हसलं असतं.

धाकटी दाणदाण पावलं टाकत स्वयंपाकघरात आली. थोरला पावाला लोणी लावत बसला होता.

"ताई, काल तू काय केलंस त्यांना?"

"काही नाही."

"मग ते रुसलेत कशाला?"

"ते नाहीत रुसलेले. मी रुसलेय."

"पंचावन्नाव्या वर्षी? वा. आणि मुहूर्त पण काय काढलायस." धाकटी भावाकडे वळली. "दादा, ऐकतोयस का? माणूस तिथं शेवटचे श्वास मोजतोय आणि ही इथं तोंड फुगवून बसलीय. तू सांग हिला."

"बाबांनी कालपासून औषध घेतलेलं नाही," थोरला म्हणाला. "त्यानं आता फार फरक पडेल असं नाही. पण दुखतं तेवढं कमी होतं."

"म्हणजे तूही हिच्याच बाजूनं."

"अगं, मी तुझ्याच बाजूनं बोललो."

"मग जरा जोरात बोल."

"माझ्याकडून नाही होणार," मधली म्हणाली. "आवाज फुटत नाही माझा."

"तुझा?" धाकटी म्हणाली. "अगं, तुझा आवाज तर आईला पलीकडच्या..."

"गप्प बस," मधली म्हणाली. इतक्या हळू, की धाकटी खरंच गप्प बसली. तिच्या आयुष्यात असं दोनदाच झालं होतं. पहिल्यांदा ती पाण्याखाली होती.

थोरल्यानं पावाचा तुकडा संपवला, हात झटकले. "मधले, चल खाली. दाबाचं चाक गंजलंय, जरा धर."

दाबाचं चाक कुठलं गंजतंय. दुकानात उतरल्यावर थोरल्यानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो पुठ्ठ्यांच्या थप्पीवर बसला, थप्पी चार बोटं खाली गेली.

"दोनशे तेरा ना?" तो म्हणाला.

मधली उभीच राहिली.

"मी पंधरा वर्षांचा होतो," थोरला म्हणाला. "औषधाच्या दुकानात नुकता लागलो होतो. पुड्या बांधायला कागद लागायचा, तो मी इथून न्यायचो, वाया गेलेले फर्मे. चार चार तुकडे करायचे, पूड घालायची, घडी. एक दिवस खोकल्याची पुडी बांधताना बघतो तर त्यावर आई."

"तुझं वाक्य?"

"माझं वाक्य. अर्धंच. 'तरी चालेल, पण जेवून रड.' उरलेले तीन तुकडे तोवर गिऱ्हाइकं घेऊन गेली होती. तुझं वाक्य बहुतेक पोटदुखीत गेलं."

"मग तू काय केलंस?"

"जेवलो." थोरल्यानं मान खाली घातली. "आईनं सांगितलं होतं ना. आणि जेवता जेवता लक्षात आलं की आईनं सांगितलेलंच नाही. पण तोवर ताट संपलं होतं."

मधली हसली नाही, पण तिच्या ओठांनी एकदा तसा विचार केला.

"बाबांना कधी विचारलंस?"

"काय विचारू? पुढे ग्रंथालयात जाऊन सगळं पान वाचलं. मग कळलं, विचारायचं काही उरलेलंच नाही."

"धाकटीला माहीत आहे?"

"नाही. तिला काही सांगू नका, असंच छापलंय." तो पुठ्ठ्याची कड चाचपू लागला. "तू ते चौथं वाक्य वाचलंस का?"

"चौथं कुठलं? मी तिथंच मिटलं."

"मग वाच. मी नाही सांगत. मी पुड्या बांधणारा माणूस, माझ्या तोंडी ते बरं नाही दिसायचं."

पुस्तक तिच्या पिशवीत होतं. खूण नव्हती, म्हणून शोधावं लागलं. धाकट्या मुलीचा निरोप संपला होता. मग नावाड्याची बायको नवऱ्याकडे बघते आणि म्हणते: आणि तुम्हाला काय सांगू. तुम्ही तर इथंच आहात.

तिनं ते दोनदा वाचलं, मनात. ओठसुद्धा हलले नाहीत. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"बाबांनी तीन वाक्यं वाटली," थोरला म्हणाला. "हे कुणालाच दिलं नाही, आणि स्वतःलाही घेतलं नाही. आधी मला वाटायचं, विसरले असतील. पण बाइंडर पान विसरत नाही."

"मग?"

"आपल्याला खोटं चालून जाणार होतं, आपण बाहेर होतो. ते आत होते. तिनं डोळे उघडलेच नाहीत, हे त्यांनी बघितलं होतं. दोन दिवस हात धरला, आणि तो आपला हात आहे हे तिला कळलं का, तेही माहीत नाही. ते स्वतःला कसं फसवणार?"

दुकानात सरसाचा जुना वास होता. दाबाच्या दोन पाट्यांमध्ये काही नव्हतं, तरी त्या आवळलेल्या होत्या. सत्तेचाळीस वर्षं आपण एकटेच पलीकडच्या खोलीशी बोलत होतो, अशी मधलीची समजूत होती. पण बापाकडे तर वाक्यही नव्हतं. त्याला बोलायला इस्त्रीचं टेबलही नव्हतं.

ती जिना चढून वर गेली. पुढच्या खोलीच्या दारापर्यंत पोचली आणि पाय अडले. राग गेला होता असं नाही. राग तिथंच होता, फक्त त्याच्या शेजारी आणखी काही येऊन बसलं होतं, आणि दोघांना घेऊन त्या पलंगापाशी बसणं तिला जमेना. धाकटी उशाशी चमचा घेऊन बसली होती. तिनं वर बघितलं.

"मी मागच्या खोलीतून वाचते," मधली म्हणाली. "दार उघडं ठेव."

"त्यांना ऐकू येणार का तिथून?"

मधली तोवर वळली होती. ती मागच्या खोलीत गेली, खुर्ची भिंतीला लावली. इथून पलंग दिसत नव्हता. दाराची चौकट दिसत होती आणि पलीकडच्या भिंतीवर पडद्यातून आलेला दुपारचा पिवळा उजेड. तिनं दोनशे नववं पान उघडलं.

पहिलं वाक्य चिरकलं. दुसरं बरं गेलं. तिसऱ्याला तिला तिचा छापखान्यातला आवाज सापडला, यंत्रांच्या खडखडाटावरून जाणारा. तिनं पान उलटलं आणि कान दिला. पलीकडे चमचा पेल्यात टेकला. टिंग.

म्हणजे तोंड उघडलं होतं.

ती वाचत गेली. आणखी एक पान उलटलं, टिंग. ताप चढला, नाव किनाऱ्याला बांधली गेली, शेजारीण पाणी घेऊन आली. मग दोनशे तेरावं पान आलं. थोरल्याचं वाक्य तिनं वाचलं. जिन्याच्या वरच्या पायरीवर कुणीतरी जड माणूस बसल्याचा आवाज झाला. आपलं वाक्य तिनं वाचलं, प्रुफातलं कुठलंही वाक्य वाचावं तसं, आणि तरी ते वाचताना तिनं आवाज एक पट्टी चढवला, कारण ते पलीकडे जायचं होतं. धाकटीचं वाचलं. मग थांबली. श्वास घेतला.

"आणि तुम्हाला काय सांगू," ती म्हणाली. "तुम्ही तर इथंच आहात."

पलीकडून काही आलं नाही. एक खोकल्यासारखा आवाज आला, किंवा पलंग करकरला असेल. तिनं पान उलटलं.

टिंग झालं नाही.

तिनं वाट बघितली. मग दोनशे चौदावं पान सुरू केलं. खालच्या रस्त्यावर कुणीतरी एक जड लाकडी कपाट ढकलत नेत होतं आणि दुसरा त्याला सांगत होता, डावीकडे, अजून डावीकडे. या पानावर नदी होती. बाप अगदीच खोटं बोलला नव्हता. पाणी उतरलेलं होतं, वाळूवर नावेची खूण राहिली होती, आणि लेखकानं ते काहीही न घडवता नुसतं सांगितलं होतं. तिनं तेही मोठ्यानं वाचलं, एकही शब्द न गाळता.

धाकटी दारात येऊन उभी राहिली. "ताई."

मधलीनं हात वर केला. पान संपू दे. धाकटी थांबली. आठ ओळी उरल्या होत्या, त्या मधलीनं वाचल्या, आणि शेवटी सवयीनं म्हणाली, "पूर्णविराम."

मग विचारलं, "काही म्हणाले?"

धाकटीच्या हातात चमचा होता, औषधानं काठोकाठ भरलेला, आणि तो सांडू नये म्हणून ती एवढी जपत होती की जणू अजून कुणाला तरी पाजायचाय. तिनं एकदा जिन्याकडे बघितलं, एकदा मधलीकडे. या घरात प्रत्येकाच्या तोंडी वाक्यं घालणारी बाई ती. तिच्यासमोर आता खुर्चीवर एक माणूस बसलं होतं, हातात पुस्तक असूनही रिकाम्या हाताचं.

"म्हणाले," धाकटी म्हणाली, "येतोय आवाज."

मधलीनं तिच्याकडे बघितलं. कच्च्या छपाईकडे बघतात तसं, अक्षर अक्षर. चूक शोधणं हा तिचा धंदा होता, तीस वर्षांचा, आणि शोधली तर ती सापडलीही असती, किंवा सापडली नसती. चमच्यातून औषधाचा एक थेंब फरशीवर पडला.

"बरं," मधली म्हणाली.

तिनं बाहीला चिकटलेला एक दोरा काढला, दुकानातून आलेला, आणि दोनशे चौदाव्या पानात खूण म्हणून घातला. मग पुस्तक मिटलं.